कॅमेरा पाहावा घेऊन

दसरा जवळ आला की लग्नाच्या फोटोग्राफीत नव्यानं उतरलेल्या माणसाची सगळी गणितं एका आकड्यापाशी येऊन थांबतात : हप्ता किती बसेल. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू होणार. त्याआधी हातात कॅमेरा हवा, आणि खंडेनवमीला त्याच्यावर हळदकुंकू वाहायचं तर तो नवाकोराच हवा. मग भेटेल त्याला विचारत सुटायचं, ‘बॉडी कुठली घेऊ?’ सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वानवा नव्हती. एक जण सोनीची शपथ घालतो, दुसरा कॅननशिवाय कातडीचा रंगच खरा येत नाही म्हणून सांगतो, तिसरा निकॉनवाला असतो आणि तो बहुधा पहिल्या दोघांकडे बघून नुसता हसतो. या साऱ्या खलात लेन्सचा विषय निघतो तो अगदी शेवटी, बिल होताना, भाजी घेऊन झाल्यावर कोथिंबिरीचा निघावा तसा. बॉडी दीड लाखाची, आणि लेन्स? खोक्यात जी आली ती. माझं म्हणणं असं की हा क्रम पार उलटा आहे. बॉडी माणूस लोकांसाठी घेतो आणि लेन्स फोटोसाठी. ज्याच्या खिशात मोजके पैसे आहेत त्यानं ते आधी लेन्सवर घालावेत, आणि सल्लाच हवा असेल तर दुकानदाराला, मित्राला किंवा मेहुण्याला न विचारता थेट मंगल कार्यालयाला विचारावा.

मंगल कार्यालय फोटो काढण्यासाठी बांधलेलं नसतं. ते पंगती उठवण्यासाठी बांधलेलं असतं, आणि आतला उजेड जेवणाऱ्याला ताटात जिलबी कुठे आणि लोणचं कुठे एवढं कळावं इतपत असतो. स्टेजवर डेकोरेशनवाल्यानं गुलाबी-जांभळे एलईडी लावलेले असतात, त्यामुळे हिरव्या शालूतली नवरी डावीकडून जांभळी दिसते आणि उजवीकडून गुलाबी. या उजेडात लग्नातला सगळ्यात महागडा क्षण येतो. शेवटचं मंगलाष्टक संपत आलेलं असतं, भटजी ‘सावधान’ लांबवतात, कुणीतरी बँडवाल्याला हात करतं आणि अंतरपाट दूर होतो. नवरा-नवरी एकमेकांकडे बघतात ते जेमतेम सेकंदभर. पुढच्या सेकंदाला दोघंही हार कुणाकडे आहे ते शोधत असतात. त्याच एका सेकंदात दोनशे माणसं अक्षता फेकतात, त्यातल्या निम्म्या फोटोग्राफरच्या डोक्यावर पडतात. आता हिशेब करू. मध्यम उजेडाच्या हॉलात आयएसओ ३२०० ठेवला आणि ॲपर्चर एफ २.८ मिळालं, तर शटर साधारण १/२५० सेकंदाचं बसतं. एवढ्यात चेहरे आणि हात स्थिर येतात, अक्षताही बऱ्यापैकी तांदळासारख्या दिसतात. तोच हॉल, तोच आयएसओ, पण लेन्स खोक्यातली १८-५५ असेल तर पंचावन्नवर ती ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. उजेड चौथाईवर येतो, शटर १/६० वर घसरतं, अक्षतांच्या रेघा होतात आणि हार घालणाऱ्या नवरीला सहा-सात बोटं फुटतात. उलट दहा-बारा हजारांच्या आसपास मिळणारी ५० मिलिमीटरची एफ १.८, जिला धंद्यात नुसतं ‘फिफ्टी’ म्हणतात, ती ५.६ च्या मानानं जवळजवळ दहापट उजेड आत घेते. मग आयएसओ तेराशेवर उतरवला तरी शटर १/२५० चं राहतं. आता बॉडीकडे वळू. क्रॉप सेन्सरवरून फुल फ्रेमवर गेलं की सेन्सरचं क्षेत्रफळ साधारण अडीचपट होतं, आणि उजेडाचा फायदाही ढोबळमानानं तेवढाच. अडीचपटीसाठी लाखभर रुपये आणि दहापटीसाठी बारा हजार, असा हा सौदा आहे, आणि तरीही दसऱ्याला दुकानात गर्दी बॉडीच्या काउंटरवर असते.

इथे जाणकार माणूस बोट वर करतो, आणि त्याचं म्हणणं चुकीचं नाही. तो म्हणतो, एफ १.८ उघडलं की सगळंच स्पष्ट येत नाही. बरोबर आहे. फुल फ्रेमवर फिफ्टी लावून तीन मीटरवरून १.८ ला फोटो काढला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा सुमारे चाळीस सेंटिमीटरचा असतो. ८५ मिलिमीटरच्या लेन्सनं तोच फोटो काढला तर हा पट्टा तेरा-चौदा सेंटिमीटरवर येतो. नवरा एक पाऊल पुढे उभा असेल तर त्याच्या मुंडावळ्यांचा प्रत्येक मणी मोजता येतो आणि नवरी धुक्यात जाते. मुलीकडची माणसं अल्बम बघायला बसली की पार्श्वभूमी धूसर करणं ही कला आहे, वगैरे त्यांना समजावता येत नाही, कारण त्यांची मुलगीच पार्श्वभूमीत गेलेली असते. सासरच्या पंचवीस माणसांचा तीन ओळींतला ग्रुप फोटो १.८ ला काढला तर पहिल्या ओळीतले आजोबा तेवढे ओळखू येतात, आणि मागच्या ओळीतले काका पुढची अनेक वर्षं हा अपमान लक्षात ठेवतात. हे सगळं मान्य. पण यातून निघतं काय? एवढंच की लेन्सचं ॲपर्चर कुठे किती ठेवायचं याचं भान हवं. जी १.८ ला उघडते ती ५.६ ला आणता येते, आठलाही आणता येते, जी ५.६ ला अडली ती कुठल्याही नवसानं १.८ ला उघडत नाही. ग्रुप फोटोला नवरा-नवरीसकट सगळे पुतळ्यासारखे उभे असतात, तिथे फ्लॅश वापरता येतो, दहा वेळा ‘इकडे बघा’ म्हणता येतं. अंतरपाटाच्या वेळी इकडे बघा म्हणायची सोय नसते.

दुसरा हिशेब अंतराचा. तो दुकानात कधीच होत नाही, कारण दुकानात भटजी नसतात. नव्या माणसाला ८५ मिलिमीटरची लेन्स फार आवडते. तिच्यातून चेहरा सुंदर येतो, मागचं सगळं विरघळतं, आणि मोठ्या फोटोग्राफरांचे जे फोटो बघून तो या धंद्यात आला त्यातले बरेचसे तिच्यातूनच निघालेले असतात. पण दोन मीटर उंचीची चौकट, म्हणजे फेट्यापासून पायापर्यंतचा नवरदेव, कॅमेरा उभा धरून टिपायचा तर ८५ ला फुल फ्रेमवर पावणेपाच मीटर मागे जावं लागतं आणि क्रॉप बॉडीवर सात मीटर. कार्यालयात स्टेजपासून सात मीटर मागे गेलं की माणूस तिसऱ्या-चौथ्या रांगेतल्या खुर्च्यांत जाऊन पोचतो. मधल्या जागेत एक भटजी, दोन्हीकडचे मामा, करवल्या, दिवा धरलेली एक बाई, व्हिडिओवाला, त्याचा लाइट, त्या लाइटची वायर धरून उभा असलेला मुलगा आणि हात वर केलेले पंचवीसेक मोबाइल असतात. शिवाय उखाणा ऐकायला पुढे सरकलेली एक आत्या असतेच, आणि तिला बाजूला व्हायला सांगण्याचं धाडस आजवर कुठल्याही फोटोग्राफरनं केलेलं नाही. फिफ्टीचीही हीच गत होते, फक्त कमी प्रमाणात. क्रॉप बॉडीवर ती पंचाहत्तर-ऐंशीसारखी वागते. सहा मीटर रुंदीचा ग्रुप तिच्यात बसवायचा तर जवळजवळ तेरा मीटर मागे जावं लागतं. बहुतेक कार्यालयांत तेरा मीटरवर पंगत चालू असते, आणि वाढपी विचारतात, ‘बसताय का?’ म्हणून क्रॉप बॉडीवाल्या नवख्यानं पहिली लेन्स म्हणून १७-५० किंवा १८-५० अशी, सगळीकडे एफ २.८ राहणारी झूम घ्यावी. टॅमरॉन आणि सिग्मा या दोन कंपन्यांनी डीएसएलआरच्या काळात अशा १७-५० काढल्या, त्या सेकंडहँड बाजारात अजून मिळतात. मिररलेससाठी सिग्माची १८-५० आहे. तिच्या जोडीला फिफ्टी. ८५ चं लग्न पुढच्या सीझनला लावलं तरी चालतं.

बॉडीवाले यावर सांगतात की हे सगळं जुन्या जमान्याचं बोलणं झालं. आताच्या बॉडी १२८०० आयएसओलाही स्वच्छ फोटो देतात, मग ५.६ ची लेन्स असली तरी बिघडलं काय? हा युक्तिवाद अर्धा खरा आहे. बॉडी सुधारल्या यात वाद नाही. पण ती सुधारणा आता संगणकातही आली आहे. २०२३ साली लाइटरूममध्ये एआयवर चालणारी नॉइज काढण्याची सोय आली, आणि जुन्या बॉडीच्या खरबरीत फोटोंचंही तोंड धुऊन निघू लागलं. दाणे काढणारं सॉफ्टवेअर आहे. नवरीची सात बोटं पाच करून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर मात्र मुलीच्या आईनं विश्वास ठेवेपर्यंत थांबलेलं बरं. मेगापिक्सेलचं प्रकरण तर याहून गमतीचं आहे. लग्न ठरवायला आलेला माणूस ‘किती मेगापिक्सेलचा?’ असं विचारतो ते सोनाराला ‘किती कॅरेटचं?’ विचारतो त्याच सुरात. प्रत्यक्षात आपला करिझ्मा अल्बम उघडला की दोन पानं मिळून १२ बाय ३६ इंच भरतात. त्यावर एकच फोटो पसरला आणि इंचाला ३०० ठिपके धरले तर जवळजवळ ३९ मेगापिक्सेल लागतील, हे खरं. पण अल्बम डिझाइन करणारा तिथे एक फोटो कधीच ठेवत नाही. तो सहा फोटो ठेवतो, मागे गुलाब, राजहंस आणि एक महाल घालतो, कोपऱ्यात नवऱ्याचा चेहरा फिका करून चंद्राच्या जागी लावतो. उरलेल्या जागेत प्रत्येक फोटोच्या वाट्याला सुमारे पाच बाय सात इंच येतात, आणि त्याला तीन-सव्वातीन मेगापिक्सेल पुरतात. बाकीचे वीस मेगापिक्सेल राजहंसाच्या मागे जातात. ते फोटो पुढे व्हॉट्सॲपवर गेले की आणखी चेपले जातात ते वेगळंच.

बॉडीच्या बाजूचा खरा बळकट मुद्दा वेगळा आहे, आणि तो टाळून हा लेख पुढे नेणं अप्रामाणिकपणाचं होईल. तो म्हणजे फोकस. नव्या मिररलेस बॉडी माणसाचा डोळा शोधून त्याला चिकटून राहतात. वरातीत नाचणाऱ्या गर्दीतून नवरदेवाचा डोळा धरून ठेवायचं काम पूर्वी वर्षानुवर्षांच्या सरावानं जमायचं, ते आता दुकानातून विकत मिळतं. १.८ ला ज्या चाळीस सेंटिमीटरांची गोष्ट केली, तो पट्टा नेमका डोळ्यावर ठेवायचा तर या सोयीची किंमत नवख्याला पहिल्याच लग्नात कळते. म्हणजे गंमत बघा, नव्या बॉडीचा सगळ्यात मोठा फायदा मोठ्या ॲपर्चरची लेन्स असल्याशिवाय वसूलच होत नाही. किट लेन्सच्या ५.६ ला फोकस थोडा हुकला तरी कुणाला कळत नाही. तेव्हा हा मुद्दा शेवटी लेन्सच्याच पारड्यात जाऊन बसतो. सेकंदाला वीस फोटो काढण्याच्या वेगाबद्दल मात्र मी साशंक आहे. पाचच्या वेगानं अंतरपाटाच्या क्षणाचे पाच फोटो मिळतात, वीसच्या वेगानं वीस, आणि मामांनी मोबाइल मधे घातला असेल तर वीसही फोटो मामांच्या मोबाइलचेच निघतात. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर होमाच्या वेळी भटजींना बरं वाटतं, पण आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभर वेळा मिचकतात, आणि त्या उजेडात या शटरनं काढलेल्या फोटोंवर आडवे पट्टे उमटण्याची चांगलीच शक्यता असते. बॉडी घेताना मी एकाच गोष्टीवर हटून बसेन : कार्डासाठी दोन खाचा. प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर लिहिला गेला पाहिजे. एक कार्ड मेलं तर कन्यादान पुन्हा करा असं वधुपित्याला सांगता येत नाही. कॅननच्या फाइव्ह डी मालिकेत ही सोय २०१२ च्या मार्क थ्रीपासून आली, निकॉनच्या डी७५० मध्ये ती २०१४ पासून आहे, आणि सोनीची ए सेव्हन थ्री २०१८ ची. या तिन्ही बॉडी आज नव्याच्या मानानं बऱ्याच कमी पैशांत सेकंडहँड मिळतात. नव्या, चकचकीत, एकाच खाचेच्या बॉडीवर लाख घालण्यापेक्षा यातली एखादी घेऊन उरलेले पैसे लेन्सकडे वळवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

बॉडी जुनी होते, लेन्स टिकते, हे आणखी एक. अनेक डीएसएलआरचं शटर दीड लाख क्लिकपर्यंत चालावं अशा बेतानं केलेलं असतं. साखरपुडा, हळद, लग्न, रिसेप्शन धरून एका घरचे चार हजार फोटो काढले तर सदतीस-अडतीस लग्नांत दीड लाख भरतात. चांगला चाललेला फोटोग्राफर हे एक-दोन सीझनमध्ये उरकतो. त्यातल्या दीडशे फोटोंपलीकडे कुणी बघत नाही, ही त्या शटरची शोकांतिका. शिवाय कंपनी नवी बॉडी काढते तेव्हा जुनीचा भाव रातोरात पडतो. फाइव्ह डी २००५ ला आली, मार्क टू २००८ ला, थ्री २०१२ ला, फोर २०१६ ला. प्रत्येक वेळी आधीची घेणाऱ्यानं कपाळाला हात लावला. याच काळात २०१० साली आलेली कॅननची ७०-२०० एफ २.८ ची दुसरी आवृत्ती मात्र टूवर चालली, थ्रीवर चालली, फोरवर चालली, आणि आज ॲडॅप्टर लावून मिररलेसवरही ती गुमान फोकस करते. हा भेद आजचाही नाही. केरळात आलप्पुळा इथे १९४० च्या दशकापासून वागीश्वरी नावाचे लाकडी फील्ड कॅमेरे तयार होत. बॉडी आपल्याच सुतारकामातून घडायची, भिंग परदेशातून मागवावं लागायचं. डबा कुठेही बनतो, काच सगळीकडे बनत नाही. यावर कुणी म्हणेल की माउंट बदलतात त्याचं काय? कॅननच्या जुन्या एफडी लेन्सवाल्यांना १९८७ साली ईएफ माउंटनं उघड्यावर टाकलंच होतं. खरं आहे, आणि निकॉनच्या जुन्या, स्क्रूवर चालणाऱ्या लेन्सनाही एफटीझेड ॲडॅप्टरवर ऑटोफोकस मिळत नाही, तेव्हा जुनी लेन्स घेताना ती आपल्या बॉडीवर लावून, फोकस करून, मगच पैसे मोजावेत. याहून गंभीर शत्रू बुरशी आहे. चातुर्मासात लग्नं नसतात, म्हणून बॅग आषाढात कपाटात जाते ती थेट कार्तिकात बाहेर येते. मुंबईत आणि कोकणात हे चार महिने म्हणजे बुरशीचं मंगल कार्यालयच. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे पसरतात, कोटिंग खातात, आणि मग सगळेच फोटो धुक्यातल्या माथेरानसारखे येतात. त्यावर उपाय स्वस्त आहे : घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ, काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांत राहिला की झालं. पैसे असतील तर इलेक्ट्रिक ड्राय कॅबिनेट. कपाटातल्या डांबरगोळ्या फक्त शालूंना वाचवतात.

मग भाड्याचं काय, असा प्रश्न येतो. बॉडी स्वतःची घ्यावी आणि लेन्स लागेल तशी भाड्यानं आणावी, असं बरेच हुशार लोक सांगतात. कागदावर हे फार छान दिसतं. अडचण अशी की आपल्याकडे लग्नं फोटोग्राफरच्या सोयीनं होत नाहीत, पंचांगाच्या सोयीनं होतात. अधिक मास वगळा, गुरु-शुक्राचे अस्त वगळा, पौष वगळणाऱ्यांचा पौष वगळा, की राहिलेल्या मोजक्या तारखांवर सगळं गाव लग्न करतं. त्या तारखेला कार्यालय मिळत नाही, घोडा मिळत नाही, आचारी तीन घरं सांभाळतो, आणि भाड्याच्या दुकानातली एकुलती एक ७०-२०० दोन महिने आधी बुक झालेली असते. मिळालीच तर ती आदल्या रात्री हाती पडते. तिचं कुठलं बटण कुठे आहे हे नवरी मांडवात आल्यावर कळतं. रोज लागणारी लेन्स भाड्यानं आणणं म्हणजे ऐन मुहूर्ताला परावलंबी होणं. वर्षातून चारदा लागणारी गोष्ट भाड्याची असावी, आणि त्या चारदा लागणाऱ्या गोष्टींत मी दुसरी बॉडीही धरतो. पहिली बंद पडली तर हातात काहीतरी हवं म्हणून ती आणायची असते, तिला नवीन असण्याची गरज नसते.

आता राहिला धंद्याचा मुद्दा, आणि तो नुसत्या हिशेबानं सुटत नाही. मोठा स्टुडिओ नवख्याला दिवसाच्या बोलीवर बोलावतो तेव्हा पहिला प्रश्न ‘बॉडी कुठली?’ हाच असतो. तीन कॅमेऱ्यांचं चित्रण एकत्र जोडायचं तर रंग जुळायला हवेत, म्हणून तिघांकडे एकाच घराण्याच्या बॉडी असाव्यात, ही त्याची अपेक्षा रास्त आहे. ज्याला व्हिडिओवरच जगायचं आहे त्यानं माझं ऐकू नये, त्यानं त्या स्टुडिओचं ऐकावं. पण ज्याला फोटो काढायचे आहेत त्याला घाबरवतो तो गिऱ्हाईक. लेन्स कुठली असं विचारणारा वधुपिता अजून जन्मायचा आहे; तो कॅमेरा कुठला तेच विचारतो. त्यातही मौज आहे. मिररलेस आल्यापासून बॉडी आकारानं लहान झाल्या, आणि दोन लाखांची बॉडी गळ्यात अडकवून गेलं की वरमाय शेजारणीला हळूच विचारते, ‘हा एवढाच का कॅमेरा? आपल्या बंडूचा याहून मोठा आहे.’ म्हणून कित्येक जण गरज नसताना खाली बॅटरी ग्रिप लावून बॉडी धष्टपुष्ट करतात. म्हणजे मिरवायचं झालं तरी बॉडी कमीच पडते आणि लेन्स उपयोगी येते. कॅननच्या लांब लेन्सना पांढरा रंग असतो तो उन्हात काच-धातू तापू नये म्हणून. आपल्या लग्नात मात्र त्या रंगाला एके काळच्या लाल दिव्याच्या गाडीचा मान आहे. पांढरी ७०-२०० खांद्यावर दिसली की मामा आपोआप दोन पावलं मागे सरकतात, करवल्या केस नीट करतात, वाढपी फोटोग्राफरला जिलबी दोनदा वाढतो. ती लेन्स दीड किलोची असते आणि दुपारपर्यंत खांदा बोलायला लागतो, पण मानाला वजन असतंच. ज्याला एवढी लेन्स परवडत नाही आणि ‘कॅमेरा कुठला’ या प्रश्नाची भीतीही सुटत नाही, त्याच्यासाठी मुंबईत फोर्टला बोरा बझारमध्ये सोय आहे. महागड्या मॉडेलचं नाव ठसठशीत विणलेला गळ्यातला पट्टा तिथे सुटा मिळतो. वधुपित्याची नजर जेमतेम तेवढ्यापर्यंतच पोचते, आणि पट्ट्याच्या किमतीत घासाघीसही करता येते.